बाहेरच्या लाकडाला गुळगुळीत रंग देताना ब्रश, रोलर आणि इतर हत्यारे कशी निवडावीत

सातारा शहरातील आमच्या घराचे मागचे दार पश्चिमेकडे तोंड करून आहे. पावसाळ्यात त्याच्यावर पावसाची झड बसते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतरचे ऊन थेट त्याच्यावर येते. काही वर्षांपूर्वी हे दार मी पहिल्यांदा स्वतः रंगवले, तेव्हा भिंतीच्या कामातून उरलेला चार इंची ब्रश घेतला आणि चैत्रातल्या दुपारी काम उरकले. रंग वाळल्यावर दारावर वरपासून खालपर्यंत समांतर रेघा दिसू लागल्या आणि नक्षीच्या पट्टीखाली तीन ठिकाणी ओघळ गोठलेले आढळले. रंग चांगल्या प्रतीचा होता, डब्यावरच्या सूचनाही पाळल्या होत्या. चूक हत्याराच्या आणि वेळेच्या निवडीत होती. घराचे दार, खिडक्यांची झडपे, गॅलरीचा कठडा, अंगणातला झोपाळा किंवा लाकडी फाटक पहिल्यांदाच स्वतः रंगवणाऱ्यांना ती चूक टाळता यावी, म्हणून कोणते हत्यार कशासाठी आणि का निवडायचे हे येथे क्रमाने सांगत आहे.

आधी रेघा का राहतात ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढची प्रत्येक निवड त्यावर ठरते. ब्रश फिरला की त्याच्या केसांच्या टोकांमुळे ओल्या रंगात बारीक सरी-वरंबे तयार होतात. द्रवाच्या पृष्ठताणामुळे हे वरंबे आपोआप खाली बसू पाहतात आणि रंगाचा दाटपणा त्यांना अडवतो. रंग घट्ट होण्याच्या आत सऱ्या बुजल्या तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, नाही बुजल्या तर त्या कायमच्या राहतात. यातला हिशेब नवख्या माणसाला चकित करणारा आहे. दोन सऱ्यांमधील अंतर निम्मे केले, तर त्या बुजण्याचा वेग सोळा पट होतो. रंगाचा थर दुप्पट जाड केला, तर वेग आठ पट होतो खरा, परंतु तोच जाड थर उभ्या फळीवर ओघळू लागतो. म्हणून भरपूर रंग थापण्यापेक्षा सऱ्या मुळातच बारीक आणि जवळजवळ पडतील असे हत्यार घेणे, आणि त्यांना बुजायला पुरेसा वेळ मिळेल अशी वेळ निवडणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

पायरी १ : लाकडाची ओल आणि रंगाचा हंगाम

हत्यारांच्या यादीत पहिले नाव ब्रशाचे नसून ओल मोजणाऱ्या यंत्राचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन टोकदार पिनांचे हे छोटे यंत्र लाकडात टोचले की ओलीचे प्रमाण टक्क्यांत दाखवते. बाहेरच्या लाकडात ते साधारण १५ टक्क्यांच्या आत आल्यावरच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, द्यावा. ओल त्याहून बरीच जास्त असताना रंग दिला, तर उन्हाने आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते आणि रंगाला फोड येतात. मोजणी दाराच्या मध्यावर करून थांबू नये, कारण ओल खालच्या आडव्या पट्टीत, चौकटीच्या पायाशी आणि सांध्यांमध्ये सर्वांत उशिरा वाळते. यंत्र विकत घ्यायचे नसेल तर ओळखीच्या सुताराकडून एका दिवसापुरते मागून आणावे.

सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट जागेप्रमाणे फार बदलते. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातले माण-खटाव तालुके अवर्षणग्रस्त म्हणून ओळखले जातात. माणमधल्या दहिवडीतले दार गणपतीनंतर थोड्याच दिवसांत रंगवण्याजोगे होऊ शकते, महाबळेश्वरच्या बाजूच्या दाराला मात्र दिवाळीनंतरही थांबावे लागते. सांगलीत ज्यांच्या घरात ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी शिरले होते, त्यांना भिजलेली चौकट वाळायला किती महिने लागतात हे मी सांगायला नको. अशा लाकडात वरचा पृष्ठभाग कोरडा लागतो आणि गाभा ओला असतो, म्हणून तेथे हाताच्या स्पर्शावर विसंबू नये. सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम असतो. थंडीत सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करावी आणि संध्याकाळी दव पडण्याआधी रंग पुरेसा सुकेल अशा बेताने हात आवरावा. उन्हात तापलेल्या फळीवर रंग कधीही देऊ नये, कारण सऱ्या बुजण्याआधीच त्याच्यावर साय धरते. पश्चिमेचे दार सकाळी रंगवावे, पूर्वेचे दुपारनंतर.

पायरी २ : आधी रंग ठरवा, मग ब्रश घ्या

दुकानात गेल्यावर बहुतेक जण आधी ब्रश पाहतात. खरे तर आपण ऑइल पेंट, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा इनॅमल, देणार आहोत की पाण्यात पातळ होणारा रंग देणार आहोत, हे आधी ठरले पाहिजे. ऑइल पेंटला डुकराच्या नैसर्गिक केसांचा ब्रश उत्तम. त्या केसांची टोके निसर्गतःच दुभंगलेली असतात, त्यामुळे ते रंग अधिक धरतात आणि सोडताना बारीक रेघेत सोडतात. हाच ब्रश पाण्याच्या रंगात बुडवला, तर केस पाणी पितात, फुगतात आणि थोड्या वेळात लुळे पडतात, आणि मग ब्रश हवा तसा वळवता येत नाही. पाण्याच्या रंगासाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टर अशा कृत्रिम धाग्यांचाच ब्रश घ्यावा.

नवख्या माणसाने कोणता रंग निवडावा, असे मला विचाराल तर बाहेरच्या दारासाठी मी अजूनही ऑइल इनॅमलकडे झुकतो. तो सावकाश सुकतो, त्यामुळे सऱ्या बुजायला वेळ मिळतो आणि झालेली चूक काही मिनिटांत दुरुस्त करता येते. पाण्याच्या रंगाला वास कमी असतो, पांढरा रंग पिवळा पडत नाही आणि उन्हात त्याचा थर अधिक काळ लवचिक राहतो, हे त्याचे गुण मी मान्य करतो, पण तो भराभर सुकत असल्याने हात बसलेला असावा लागतो. ज्यांना तोच वापरायचा आहे त्यांनी एका वेळी लहान भाग घ्यावा आणि एकदा सोडलेल्या भागावर पुन्हा ब्रश फिरवण्याचा मोह टाळावा.

लाखेच्या पॉलिशचा विचार बाहेरच्या लाकडासाठी करूच नये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरात निगुतीने सांभाळल्या जाणाऱ्या अशा वाद्याला लाखेचे पॉलिश शोभते आणि ते लावायला ब्रशाऐवजी मऊ कापडाचा बोळा लागतो. पण पाणी लागले की लाख पांढरी पडते, त्यामुळे पावसात उभ्या असलेल्या दाराला तिचा उपयोग नाही.

पायरी ३ : खरवडणे, घासणे आणि लांबी (भोके-खड्डे बुजवायचा लगदा) भरणे

गुळगुळीतपणाचे निम्म्याहून अधिक काम रंगाचा डबा उघडण्याआधी होते. रंग खड्डे झाकत नाही. चमकदार इनॅमल तर खालचा प्रत्येक ओरखडा उठावाने दाखवतो.

सुटलेले पोपडे काढायला दोन ते तीन इंच रुंदीचा ताठ पात्याचा खरवडणा घ्यावा आणि त्याचे दोन्ही कोपरे कानशीने किंचित गोल करून घ्यावेत, नाहीतर ते लाकडात रुततात. लोखंडाच्या ग्रिलसाठी असलेला तारेचा ब्रश लाकडावर वापरू नये, कारण तो मऊ रेषे उकरतो आणि कठीण रेषे तसेच ठेवतो, त्यामुळे पृष्ठभागावर ज्या लाटा उठतात त्या पुढे कशानेच भरून येत नाहीत.

येथे एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः जुन्या वाड्यांच्या आणि वडिलोपार्जित घरांच्या दारांवर एकावर एक चढलेल्या थरांत, शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळून काढू नये. पाण्यात चालणारा वॉटर पेपर ओला करून घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे, निघालेला चिखल कागदात गोळा करावा आणि त्या वेळी लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तेथे फिरकू देऊ नये. नाकातोंडावर रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ प्रतीचा, चेहऱ्याला नीट चिकटून बसणारा मास्क लागतो.

पॉलिश पेपर घेताना त्याच्या पाठीवरचा नंबर पाहावा. नंबर जितका मोठा, तितकी धार बारीक. उघड्या खडबडीत लाकडावर ८० नंबरने सुरुवात करून १२० आणि मग १८० वर थांबावे. त्याहून बारीक घासून लाकूड आरशासारखे केले, तर प्रायमरला धरायला जागा उरत नाही. सागवानाच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. प्रायमर सुकल्यावर २२० नंबर आणि रंगाच्या दोन हातांमध्ये (थरांमध्ये) ३२० नंबरचा वॉटर पेपर पुरतो. पेपर नुसता बोटांनी धरून सपाट फळी घासू नये, कारण बोटांच्या दाबाने तेवढ्याच ओळी खोल जातात. साबणाच्या वडीएवढ्या लाकडी ठोकळ्याला खालून रबर किंवा जाड बूच चिकटवून त्यावर पेपर गुंडाळावा. नक्षीसाठी मात्र बोटेच चांगली. घासण्याची दिशा नेहमी लाकडाच्या रेषांबरोबर असावी, आडवे घासलेले ओरखडे शेवटच्या हातातूनही डोकावतात.

लांबी भरायला दोन पट्ट्या लागतात. एक इंच रुंदीची अरुंद पट्टी खिळ्यांच्या भोकांसाठी आणि तीन-चार इंच रुंदीची, बोटाने दाबल्यावर वाकून पुन्हा सरळ होणारी पातळ पट्टी सपाट भागासाठी घ्यावी. लांबी उघड्या लाकडावर भरू नये. आधी प्रायमरचा एक हात द्यावा, मग लांबी भरावी, ती सुकल्यावर घासावी आणि तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर लावावा. कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि मग ती एका पावसाळ्यात निसटून पडते. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडाला वापरू नये. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, आणि ती पुट्टी ताठ असल्याने तडकते.

सागवानात नैसर्गिक तेल असते आणि त्यामुळे प्रायमर सुकायला अडथळा येतो. म्हणून प्रायमरच्या अगोदर पांढऱ्या सुती फडक्यावर थिनर घेऊन सगळे लाकूड पुसावे आणि ते उडून जाताच प्रायमर द्यावा. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. तेथील जुने लाकूडकाम पाहताना एक गोष्ट ध्यानात येते की जुन्या कारागिरांनी पावसापासून लाकडाचे रक्षण आधी खोल पाख्यांनी आणि ओसरीने केले. आपल्या आजच्या सपाट दर्शनी भिंतीतल्या दाराला तो आडोसा नसतो, त्यामुळे त्याचा सगळा भार रंगाच्या थरावर येतो आणि ही पूर्वतयारी अधिकच काटेकोर करावी लागते.

पायरी ४ : ब्रश पारखून घेणे

दुकानदाराने समोर ठेवलेला पहिला ब्रश उचलून निघू नये. तो हातात घेऊन चार गोष्टी पाहाव्यात, याला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

केस तळहातावर दाबून पंख्यासारखे पसरवावेत आणि सोडावेत. ते लगेच मूळ आकारात आले पाहिजेत. मग केसांची टोके उजेडासमोर धरावीत. चांगल्या ब्रशाची टोके धूसर आणि मऊ दिसतात, कारण प्रत्येक केस टोकाला दुभंगलेला असतो आणि मुळापेक्षा टोकाशी बारीक होत गेलेला असतो. स्वस्त ब्रशाची टोके कात्रीने कापल्यासारखी बोथट असतात. वर सांगितलेला सोळा पटींचा हिशेब येथे उपयोगी पडतो. बोथट केस दोन सऱ्यांत मोठे अंतर ठेवतात आणि मग रंग कितीही चांगला असला तरी तो त्या बुजवू शकत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे केस चिमटीत धरून हलके ओढावेत. एखादा सैल केस नव्या ब्रशात निघतोच, पण प्रत्येक ओढीला तीन-चार केस हातात येत असतील तर तो ब्रश परत ठेवावा. शेवटी केस मध्ये फाकवून मुळाशी डोकवावे. आत लाकडाची जाड पाचर घालून ब्रश भरगच्च असल्याचा भास निर्माण केलेला असतो. पाचर थोडी असावीच लागते, पण ती अर्धी जागा व्यापत असेल तर केस कमी आहेत आणि ब्रश रंग धरणार नाही.

केसांना आवळणारी पत्र्याची पट्टी गंज न धरणारी असावी, विशेषतः पाण्याच्या रंगासाठी. एकदा पट्टी गंजली की पांढऱ्या रंगात तांबूस रेघ उतरते.

मापांच्या बाबतीत नवख्या माणसाला तीन ब्रश पुरतात. दाराच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांसाठी आणि पॅनेलसाठी दोन इंची किंवा अडीच इंची सपाट ब्रश, नक्षीच्या किनारीसाठी एक इंची, आणि काचेच्या कडेने सरळ रेघ काढायला दीड इंची तिरप्या टोकाचा ब्रश. कठड्याच्या गोल कांबींना एक किंवा दीड इंची ब्रशच बरा. चार इंची ब्रश भिंतीसाठी आहे. तो दारावर एका वेळी इतका रंग सोडतो की तो पसरवेपर्यंत कडेचा भाग सुकू लागतो, आणि अरुंद पट्टीवर त्याच्या बाजूचे केस हवेत लटकून कडेला रंगाची जाड कोर सोडतात. माझ्या दारावरचे तीन ओघळ अशाच कोरेतून आले होते.

बजेट मर्यादित असेल तर प्रायमरसाठी साधा ब्रश घ्यावा आणि शेवटच्या दोन हातांसाठीच चांगला घ्यावा. तीन मध्यम ब्रश घेण्यापेक्षा एक उत्तम दोन इंची ब्रश जास्त उपयोगाचा ठरतो.

नवा ब्रश थेट रंगात बुडवू नये. तो दोन्ही तळहातांमध्ये रवीसारखा फिरवावा, बोटांवर झटकावा, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. एवढे केले की सैल केस दाराऐवजी मोरीत पडतात.

पायरी ५ : रोलर आणि फवारणी यांचा विचार

सपाट फ्लश दार किंवा रुंद फळ्यांचे फाटक असेल, तर चार इंची छोटा रोलर वेळ वाचवतो आणि रंग सगळीकडे सारख्या जाडीचा पसरवतो. त्यासाठी घट्ट फोमचे किंवा अगदी आखूड लव असलेल्या मायक्रोफायबरचे नळकांडे घ्यावे. भिंतीच्या रोलरची लांब लव संत्र्याच्या सालीसारखा पोत सोडते. ऑइल पेंटसाठी फोम घेताना तो टर्पेंटाइनला टिकणारा आहे का, हे दुकानात विचारावे, कारण हलका फोम त्यात फुगतो आणि त्याचे कण सुटतात. रोलर जोरात फिरवला तर रंगात बुडबुडे होतात, म्हणून तो सावकाश फिरवावा आणि दीड-दोन फुटांचा भाग झाला की लगेच जवळजवळ कोरड्या, चांगल्या ब्रशाची नुसती टोके त्यावरून एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेने न्यावीत. रोलरने पसरवणे आणि ब्रशाच्या टोकांनी सारखे करणे ही जोडी सपाट दारावर नवख्या माणसाला सर्वांत चांगला निकाल देते, असा माझा अनुभव आहे.

फवारणीच्या गनने येणारा गुळगुळीतपणा ब्रशाने येत नाही, हे खरे आहे. पण कॉम्प्रेसर, गन, रंग पातळ करण्याचे अचूक माप आणि सरावलेला हात इतक्या गोष्टी जमल्या तरच तो येतो. शिवाय बाहेरच्या कामात वाऱ्याने उडालेला रंग शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊन बसतो. खूप नक्षी असलेले दार किंवा पन्नास-साठ कांबींचा कठडा असेल, तर हे काम फवारणी करणाऱ्या रंगाऱ्याला द्यावे. मात्र प्रायमर कोणत्याही परिस्थितीत ब्रशानेच द्यावा, कारण ब्रशाच्या दाबाने तो लाकडाच्या छिद्रांत आणि सांध्यांत मुरतो.

पायरी ६ : दुर्लक्षित राहणारी छोटी हत्यारे

रंगाच्या मूळ डब्यात ब्रश बुडवून काम करू नये. डबा खालपर्यंत चपट्या काठीने ढवळून त्यातला पाऊण लिटरभर रंग रुंद तोंडाच्या दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावा. गाळण्यासाठी जुन्या नायलॉनच्या मोज्याइतकी सोयीची गाळणी दुसरी नाही. डबा जोराने हलवला तर बुडबुडे होतात आणि ते दारावर फुटून सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतात.

ऑइल पेंट पातळ करायला डब्यावर सांगितलेलेच द्रव्य आणि सांगितलेल्या मर्यादेतच घालावे. दुकानात नुसते थिनर मागितले, तर अनेकदा एनसी थिनर, म्हणजे लॅकरसाठीचे तीव्र थिनर, हातात पडते. ते इनॅमलमध्ये घालू नये, कारण ते खालचा सुकलेला थरसुद्धा उचलून सुरकुत्या पाडते. टर्पेंटाइन असे स्पष्ट नाव घेऊन मागावे.

काचेच्या आणि कडी-कोयंड्याच्या कडेला लावण्यासाठी मास्किंग टेप घ्यावी आणि ती शेवटच्या हातानंतर रंग ओला असतानाच सावकाश काढावी. शक्य असेल तर कोयंडा, हँडल आणि घराच्या नावाची पाटी काढूनच ठेवावी. आणि एक साधी बॅटरी जवळ असू द्यावी. ती फळीला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड पाडला की समोरून न दिसणारे ओघळ, राहिलेले केस आणि कोरडे डाग लगेच दिसतात. रंग ओला असतानाच दर दहा मिनिटांनी मागचा भाग असा तपासावा.

पायरी ७ : हत्यार हातात कसे धरावे

माझे दार बिघडल्यानंतर त्याच वर्षी गल्लीत कामाला आलेल्या एका वयस्कर रंगारीमामांना मी खिडकीचे एक झडप रंगवताना पूर्ण वेळ उभे राहून पाहिले. त्यांनी दोन इंची ब्रशाच्या केसांचा फक्त टोकाकडचा एक तृतीयांश भाग रंगात बुडवला आणि भांड्याच्या आतल्या दोन्ही बाजूंना तो हलका आपटला. काठावर निपटला नाही, कारण निपटल्याने एका बाजूचा रंग निघून जातो आणि भांड्याच्या काठावरून बुडबुडे ब्रशात शिरतात. झडपाच्या फळीवर त्यांनी थोडे अंतर सोडून तीन उभे पट्टे ओढले, मग न बुडवता तोच ब्रश आडवा फिरवून ते तिन्ही पट्टे एकमेकांत मिसळले. शेवटी ब्रश जवळजवळ आडवा धरून, वरून खाली, केसांची नुसती टोके लागतील असा एकेक सलग हात नेला आणि फळी संपायच्या आत विमान उडावे तसा अलगद उचलला. या शेवटच्या हाताला जवळजवळ आवाजच नव्हता. मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "दाबू नका दादा, नुसता टेकवा. केसं फाकली की रेघ उठलीच म्हणून समजा."

पट्टे, आडवे पसरवणे आणि टोकांचा शेवटचा हात हा क्रम प्रत्येक लहान भागावर पाळावा. नवीन भागाचा शेवटचा हात कोरड्या बाजूकडून सुरू करून आधीच्या ओल्या भागात नेऊन सोडावा, म्हणजे जोड दिसत नाही. पॅनेलच्या दारात आधी नक्षीच्या किनारी, लगेच त्यांच्यातले पॅनेल, मग मधल्या उभ्या पट्ट्या, त्यानंतर आडव्या पट्ट्या आणि शेवटी बाहेरच्या दोन उभ्या पट्ट्या व कडा, असा क्रम ठेवावा. नक्षीच्या कोपऱ्यात रंग साचतोच, म्हणून पॅनेल झाल्यावर एक इंची कोरडा ब्रश चारही कोपऱ्यांतून फिरवून जादाचा रंग उचलावा. दाराची वरची आणि खालची कड बहुतेकांच्या हातून राहते. पाणी तेथूनच आत शिरते, त्यामुळे दार बिजागऱ्यांतून काढून आडवे ठेवता आले तर दोन्ही कडा नीट रंगवता येतात, आणि आडव्या फळीवर ओघळाची भीतीही राहत नाही.

एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात पूर्ण सुकल्यावर ३२० नंबरचा ओला पेपर हलक्या हाताने फिरवून चमक मोडावी, ओल्या फडक्याने पुसून वाळवावे आणि मगच दुसरा हात द्यावा. पेपर फिरवताना पांढरी पूड किंवा दूध निघत असेल तर थर सुकला आहे. रंगाच्या गुठळ्या होऊन पेपरला चिकटत असतील तर आणखी एक दिवस थांबावे.

पायरी ८ : काम संपल्यावर

चांगला ब्रश नीट धुतला तर वर्षानुवर्षे टिकतो आणि वापराने त्याची टोके अधिक मऊ होत जातात. ऑइल पेंटचा ब्रश आधी जुन्या वर्तमानपत्रावर पुसावा, मग तीन वेगवेगळ्या वाट्यांत टर्पेंटाइन घेऊन एकापाठोपाठ एक धुवावा आणि शेवटी कोमट पाण्यात साबणाने, केस मुळाशी फाकवून धुवावा. मुळाशी सुकलेला रंग केसांना कायमचे फाकवतो. धुण्याचे टर्पेंटाइन गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. झाकण लावलेल्या बाटलीत ठेवले की काही दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ द्रव पुढच्या धुण्याला चालते. दोन हातांच्या मधल्या रात्रीपुरता ब्रश न धुता प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद गुंडाळून ठेवता येतो. धुतलेल्या ब्रशाचे केस जुन्या फणीने विंचरावेत, कागदात गुंडाळून आकार द्यावा आणि ब्रश खिळ्याला टांगावा. केसांवर उभा करून ठेवलेला ब्रश एका रात्रीत वाकडा होतो.

जवसाच्या तेलाने किंवा ऑइल पेंटने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडली गेली की फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती एकेक करून मोकळ्या हवेत पसरून कडक वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

ऑइल पेंटचा ब्रश आणि पाण्याच्या रंगाचा ब्रश यांच्या दांड्यांवर दोन वेगळ्या रंगांच्या खुणा करून ठेवाव्यात आणि त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. टोके झिजून आखूड झालेला ब्रश फेकून न देता प्रायमरसाठी वेगळा काढावा, कारण तेथे तो ताठ झालेला केसच कामाला येतो.